तीन बोटांचं सनस्क्रीन

लातूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नालीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट हायेत. तुझ्या थोरल्या भावाचा, अण्णांचा, गुडघा तेवढा कुरकुर करतो, पण दुकानात गादीवर बसून तुरीचा भाव करायला गुडघा लागत न्हाई, त्यामुळं त्यांचं बरं चाललंय.

फोन असताना चिठ्ठी का, असं म्हणशील. अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ते घरातला कुणाचाबी फोन उचलतात अन् आधी स्पीकर लावतात. मागच्या महिन्यात तू तुझ्या सासूचं जे सांगत होतीस ते तूर घेऊन आलेल्या दोन माणसांनी उभ्यानं ऐकलं. त्यातला एक म्हणाला, बाईचं बरोबर हाय. व्हॉट्सॲप करावं तर ते आपली पोरगी सुकन्या वाचते. नणंद-भावजयीनं बोलावं कुठं? श्रीमंतमामाचा टेम्पो दर आठवड्याला डाळ घेऊन नांदेडला येतोच, त्यांच्या हाती हे पाठवलंय. डब्यात शेंगाची चटणी हाय, ती सासूला आधी दे अन् मग स्वतः खा.

आता काम. तू औषधाच्या दुकानात बसतेस, त्यातलं शिकलेली हायेस. ते उन्हात तोंडाला लावायचं सनस्क्रीन असतं ना, त्यातलं एक चांगलं निवडून पाठव. सुकन्यासाठी पाहिजे. पोरीचं तोंड उन्हानं काळवंडून राहिलंय. इथं आपल्या चौकातल्या दुकानात पंचवीस तऱ्हेच्या ट्यूबा हायेत, पण दुकानदार मला विचारतो, कुणासाठी? मग मी खोबरेल तेल घेऊन घरी येते. तीन बाटल्या झाल्या.

माझा स्कूटी शिकवायचा क्लास चालू हाय. सकाळी सात ते अकरा मैदानावरच असते. नव्या बॅचला एक बँकेतली बाई आलीय, ब्रेक लावायची वेळ आली की डोळे मिटून घेते. देवाची कृपा की मैदान मोठं हाय.

तुझी वहिनी
महानंदा


नांदेड
१६ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींस शरणार्थ.

चटणी सासूबाईंना आधी दिली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या, लातूरच्या माणसांना मिठाचा अंदाज नाही. उरलेली अर्धी मी लपवून ठेवलीय.

सनस्क्रीनचं बरं केलंत मला विचारलंत. दुकानात रोज बायका येतात आणि म्हणतात, ताई, सगळ्यात भारी द्या. सगळ्यात भारी असं काही नसतं, वहिनी. चप्पल जशी पायाची तसं हे कातडीचं. ज्याच्या तोंडाला तेल सुटतं त्याला जेल, म्हणजे पाण्यासारखं पातळ, नाहीतर मुरमं वाढतात. ज्याची कातडी कोरडी आहे त्याला क्रीम पाहिजे, घट्ट. आणि ज्याला काहीही लावलं की आग होते त्याला झिंकचं, ते कातडीच्या वरच थांबतं. आकडा तीसच्या पुढचा आणि पीए लिहिलेलं असलं की त्यापुढं अधिकची चिन्हं किती ते बघायचं, तीन तरी हवीत.

कातडी कोणती हे घरीच कळतं. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, काही लावायचं नाही, तासाभरानं पातळ कागद गालावर दाबायचा. कागदाला तेल लागलं तर तेलकट. सुकन्याला हे करायचीही गरज नाही, दिवाळीत तिचं नाक मी पाहिलंय, त्यावर पुऱ्या तळता आल्या असत्या. म्हणून जेल पाठवतेय. घराबाहेर पडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावायला सांगा.

एक मात्र मनात आलं. बारावीनंतरचं नीटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि पोरीला एकदम तोंडाची काळजी? कुणी बघणारं तर नाही ना भेटलं? अण्णांना सांगू नका, पण डोळे उघडे ठेवा.

तुमची
स्वप्नाली


लातूर
५ मार्च २०२५

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

जेल मिळालं. वास छान हाय. पण लावलं की गालावर ठेचा चोळल्यागत होतं. आठ दिवस दम धरला, म्हटलं सवय व्हायला वेळ लागत असेल. आता कातडी ताणून राहिलीय अन् पापुद्रे सुटायलेत. कपाळाचं ठीक हाय, दोन्ही गाल अन् वरच्या ओठाच्या वर जास्त. कागदाचंबी केलं. पातळ कागद घरात नव्हता, म्हणून पेपरचा तुकडा दाबला. तेल तर न्हाईच लागलं, उलट सोयाबीनचा भाव गालावर उमटला.

सुकन्या म्हणते दुसरं कोणतं असलं तर पाठव. ती तसली न्हाई गं, कुणी बघणारं-बिघणारं काही न्हाई. तिला पुस्तकातून मान वर काढायला फुरसत न्हाई.

एक तुला सांगायचं ऱ्हायलं. पाडव्यापासून क्लास बंद करावा म्हणते. सुकन्याची परीक्षा मे महिन्यात, घरात माणूस पाहिजे. लई वर्षं केलं. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझी मर्जी. मैदानावरचा बोर्ड तेवढा काढून आणायचाय, तो पत्र्याचा हाय, मागच्या मोरीवर टाकायला होईल.

महानंदा


नांदेड
११ मार्च २०२५

ती. वहिनी,

शरणार्थ नंतर. आधी भांडण.

तुमचं पत्र वाचलं आणि माझं डोकं भलतीकडेच धावलं. मला वाटलं, पोरगी हाताबाहेर चालली, आई झाकून राहिलीय, आणि तिला राखायला म्हणून क्लास बंद करायलीय. रात्रभर मी आमच्या ह्यांना झोपू दिलं नाही. सकाळी सुकन्याच्या क्लासच्या सुटीत तिला फोन लावला आणि आडून आडून विचारलं. सनस्क्रीन लावतेस का, आग होते का, कुणासाठी लावतेस. ती आधी हसली. मग म्हणाली, "आत्या, मी सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी येते, मला ऊन दिसतंय कुठं? ती ट्यूब आईच्या उशीखाली आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, वहिनी. मी औषधाच्या दुकानात बसते, माणसाच्या तोंडाकडे पाहून मला कळतं म्हणून मिरवते, आणि तुम्ही गालावर उमटलेल्या सोयाबीनच्या भावासकट सगळं लिहून कळवलंत तरी मला कळलं नाही. नाकावर पुऱ्या तळणाऱ्या पोरीच्या कागदाला तेल लागलं नाही, तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. तुमची कातडी कोरडी. कोरड्या कातडीला मी तेलकट कातडीचं जेल दिलं, त्यात स्पिरिट असतं, आग होणार नाही तर काय होणार? आठ दिवस सहन केलंत आणि वर लिहिता, वास छान आहे.

आता खरं सांगा. गालाला आणि ओठाच्या वर काय झालंय?

आणि क्लासचं. तो बोर्ड मोरीवर टाकायचा नाही. मला फार्मसीला नंबर लागला तेव्हा तुमच्या सासूबाई, आपल्या अव्वा, म्हणाल्या होत्या, कॉलेज गावाबाहेर, रोज कोण सोडणार? अण्णा दुकानाला निघून गेले. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून पहाटे मला उठवून, दूध आणायला चाललो म्हणून सांगून, मैदानावर नेलंत. माझ्या हातांवर हात ठेवून हँडल धरायचात. मी बाभळीत जाऊन पडले, कोपर फुटलं, रडायला लागले, तर तुम्ही गाडी उचललीत आणि म्हणालात, "पडलीस ना? आता पडायचं संपलं. बस." त्या वाक्यावर मी पदवी घेतली, नोकरी धरली, आज या काउंटरवर उभी आहे. तुमचा क्लास म्हणजे नुसता तुमचा नाही. सुकन्याच्या परीक्षेचं मला सांगू नका, ती पोरगी तुम्ही घरात बसलात तर उलट वैतागेल.

मला राग आलाय. पण पत्र लवकर पाठवा.

स्वप्नाली


लातूर
१८ मार्च २०२५

चि. स्वप्नाली,

तुझं पत्र मोरीत उभी राहून वाचलं. रडलेबी, हसलेबी.

वांग आलाय मला. दोन्ही गालांवर, फुलपाखरू बसल्यागत, अन् ओठाच्या वर मिशी आल्यागत. दोन वर्षांपासून थोडा थोडा होता, मी पावडर लावून भागवायची. उन्हात उभं राहून राहून गडद झाला. कपाळाला न्हाई फारसा.

डिसेंबरात उदगीरला लग्नाला गेले होते ना, तिथं काय झालं तुला सांगितलं न्हाई. फोटोला उभी राहिले, तर नवरीच्या मामीनं पदराचं टोक ओलं केलं अन् माझा गाल पुसायला लागली. तिला वाटलं काजळ लागलंय. चांगल्या मनाची बाई, पुसून राहिली, पुसून राहिली. जाईना तवा तिला उमगलं. तिचं तोंड माझ्यापेक्षा जास्त पडलं गं. मीच तिला म्हटलं, राहू द्या, घरी जाऊन धुते.

तवापासून स्कार्फ. मैदानावर सकाळी बांधते तो घरी येऊनच सोडते. उन्हाळ्यात सगळ्याच बाया बांधतात, कुणाला वेगळं वाटत न्हाई. पण शिकवणारीनं तोंड बांधून भागत न्हाई, हे मला आता कळलं. बाई घाबरली की माझ्याकडं बघते. मी हसले की तिला धीर येतो, मग ती रेस देते. स्कार्फच्या आत मी किती हसले तरी तिला नुसते डोळे दिसतात, अन् माझे डोळे तुला माहीत हायेत, माझ्या बाबांवर गेलेत, नुसते बघितले तरी रागावल्यागत वाटतात. गेल्या महिन्यात दोघी सोडून गेल्या. म्हणाल्या, मॅडम लई कडक हायेत. बँकेतली बाई तेवढी टिकून हाय, कारण ती डोळेच मिटते. असं शिकवण्यापेक्षा बंद केलेलं बरं.

सुकन्याचं नाव का सांगितलं म्हणतेस? चव्वेचाळीस वर्षांची बाई, लग्नाच्या वयाची पोरगी घरात, अन् तोंडाला लावायला मागते. लाज वाटली. एवढंच.

अजून एक सांगते म्हणजे पोट मोकळं होईल. शेजारच्या बाईनं एक गोरं व्हायची ट्यूब दिली होती. दोन महिने लावली. आधी लई उजळले, मग लाल झाले, आता उन्हात गेले की भाजतं.

महानंदा


नांदेड
२४ मार्च २०२५

ती. वहिनी, शरणार्थ.

लाज गेली खड्ड्यात. माझ्या काउंटरवर सत्तर वर्षांच्या आज्जी येतात आणि ओठांना लावायला मागतात.

तुमचं नाव न सांगता आमच्या दुकानाशेजारच्या कातडीच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ती गोरं करणारी ट्यूब आधी घेऊन या, तिच्यात काय आहे ते बघितलं पाहिजे; अशा ट्यूबांनी कातडी पातळ होते आणि मग सगळंच झोंबतं. तुम्ही लातूरलाच चांगल्या डॉक्टरकडे जा, ट्यूब सोबत न्या आणि दाखवायला लाजू नका. वांगाचं औषध ते देतील. पण त्या असंही म्हणाल्या की औषध कितीही भारी असलं तरी उन्हापासून झाकलं नाही तर पालथ्या घड्यावर पाणी. आणि घरात अशाच बसणाऱ्या बायकांनाही वांग येतो, तेव्हा क्लास बंद केल्यानं तो जाईल या भ्रमात राहू नका.

सोबत झिंकचं क्रीम पाठवतेय. कोरड्या आणि आग होणाऱ्या कातडीसाठी, वास नाही, स्पिरिट नाही. सकाळी पूजा झाली की आधी साधं मॉइश्चरायझर, मग हे. बोटांचं माप आहे त्याला, तेवढं पूर्ण घ्यायचं, कंजुषी करायची नाही. चेहरा, मान, आणि हातांनाही. रगडून चोळू नका, हलक्या हातानं लावा. दोन-अडीच तासांनी परत. मैदानावर टोपी घाला, स्कार्फ हवा तर गळ्यात ठेवा.

माझं एवढं ऐका, पाडव्याला बोर्ड काढू नका. अजून एक महिना. मग तुम्ही म्हणाल तसं.

तुमची
स्वप्नाली

ता. क. : अण्णांना हे क्रीम पावाला लावू देऊ नका. मागं टूथपेस्टचं काय झालं ते आठवतंय.


लातूर
९ एप्रिल २०२५

चि. स्वप्नाली,

तुझ्या क्रीमनं मी देवमाणूस झाले. सावकाश सांगते.

डॉक्टरकडं जाऊन आले. त्यांनी ती ट्यूब कागदात गुंडाळून स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली, मला परत दिलीच न्हाई. औषध दिलं. तुझं क्रीम बघून म्हणाले, बरोबर निवडलंय.

सोमवारी इष्टलिंगाची पूजा झाली अन् लगेच क्रीम घेतलं. आता बघ, पूजेनंतर हात कसा चालतो ते तुला माहीत हाय. जन्मभराची सवय. तू लिहिलं होतंस बोटांचं माप, पूर्ण घ्यायचं, चोळायचं न्हाई, चेहरा-मान-हात सगळीकडं. मी तीन बोटं भरून घेतली अन् भस्म लावतात तसं कपाळावर ओढलं. मग दोन्ही गालांवर. मग गळ्याला, मग दंडाला अन् मनगटाला. तीन तीन पट्टे. चोळायचं न्हाई म्हणालीस, मग मी कशाला चोळते? वाळू दिलं. आरशात बघितलंच न्हाई, आरशाकडं मी हल्ली बघत न्हाई.

अण्णा समोर बसले होते. वर बघितलं अन् चहासुद्धा न मागता दुकानाला गेले. रात्री कळलं, त्यांना वाटलं मी काही व्रत धरलं.

आग अजिबात झाली न्हाई. पहिल्यांदा गाल गार वाटले, म्हणून मला एवढा हुरूप आला की स्कार्फ गळ्यातच ठेवला. वाटेत महादेवाच्या देवळापुढं गाडी लावली, म्हटलं एक नारळ द्यावा. पायरीवर एक साठीच्या पुढची बाई भेटली. माझ्याकडं बघितलं, पदर घेतला अन् वाकून पाया पडली. "शरणार्थ माय. कोणत्या मठातून आलात?" मी मागं सरकले तर आणखी दोघी आल्या, त्याबी वाकल्या. एकीनं नातवाला पुढं केलं, डोक्यावर हात ठेवा म्हणे. मी ठेवला गं, काय करू? मग गाडीच्या आरशात नजर गेली. पांढरीधोप. साक्षात शंकर स्कूटीवर बसून आलेला.

त्या पहिल्या बाईला खरं सांगून टाकलं. मी कुठल्या मठाची न्हाई, स्कूटी शिकवते, हे उन्हाचं मलम हाय. वाटलं आता शिव्या देईल. ती हसून हसून पायरीवरच बसली. बसम्मा तिचं नाव, वळणावरच्या पिठाच्या गिरणीच्या मागं राहते. हसणं संपल्यावर म्हणाली, "माझा पोरगा देवळाला सोडायला रोज तोंड वाकडं करतो. मला येईल का हो गाडी?" मी म्हटलं, येईल. दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर, कासोटा घालून, पायात कॅनव्हासचे बूट.

आता तिला शिकवल्याशिवाय बोर्ड काढता येईना. पण मैदानावर गेले की मी परत स्कार्फ बांधला बरं का. पांढरं तोंड घेऊन बँकेतल्या बाईपुढं उभी राहिले असते तर तिनं डोळे कायमचे मिटले असते.

महानंदा


नांदेड
१४ एप्रिल २०२५

ती. वहिनी, शरणार्थ माय.

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि काउंटरखाली बसून हसले. गिऱ्हाइकानं विचारलं, मॅडमना चक्कर आली का? घरी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. सासूबाई दारामागून ऐकत होत्या, त्याही हसल्या, हे लग्नानंतर मी पहिल्यांदा पाहिलं.

चूक माझी आहे. बोटांचं माप म्हणजे दोन बोटांवर नळीतून रेघ काढायची, तेवढं क्रीम चेहऱ्याला आणि मानेला पुरतं. मग त्याचे ठिपके लावायचे आणि पांढरं दिसेनासं होईपर्यंत हलक्या हातानं पसरवायचं. पूजा झाल्या झाल्या लावा असं लिहिताना तुमचा हात कुठल्या वळणावर जाईल हे मला कळायला हवं होतं. मीही त्याच घरात वाढले. पट्ट्यांच्या मधल्या जागेला ऊन लागलं असेल, आता तुमच्या गालावर झेब्रा उमटला नाही म्हणजे मिळवली.

तरी झिंक आपल्या सावळ्या रंगावर थोडं राखी दिसतंच, कितीही पसरवलं तरी. म्हणून आता रंगाचं पाठवतेय. क्रीम तेच, कोरड्या कातडीचं, पण त्यात मातकट रंग मिसळलेला असतो. वांगाला हे जास्त चांगलं, नुसत्या उन्हानंच नाही तर लख्ख उजेडानंही वांग गडद होतो, तो उजेड हा रंग अडवतो. वरून डागही झाकले जातात.

यात तीन रंग येतात. कोणता घ्यावा म्हणून दुकानात सगळे मनगटाला लावून बघतात, तुम्ही इथं नाही. मी मधला उचलला, विचार केला नाही. मैदानावर कितीतरी सकाळी तुमचा हात माझ्या हातावर होता आणि मी समोर रस्त्याकडे बघायचं सोडून त्या हाताकडेच बघत बसायचे, म्हणून तर बाभळीत गेले. तो रंग मला पाठ आहे. चुकला तर कळवा, पण चुकणार नाही.

बसम्मांना माझा नमस्कार. कासोटा घालूनच शिकवा, साडी चाकात जायला नको.

स्वप्नाली


लातूर
१ जून २०२५

चि. स्वप्नालीस अनेक आशीर्वाद.

मध्ये लई दिवस गेले. सुकन्याची परीक्षा झाली, पेपर बरा गेला म्हणते, निकाल लागेल तवा खरं. ती आता दिवसभर झोपते अन् संध्याकाळी उठून माझं क्रीम लावते. आता तिला ऊन कुठलं, असं विचारलं तर म्हणते, आत्यानं मधला रंग पाठवला तो मलाबी बसतो. मी म्हटलं, तू तुझं जेल लाव, जुनी ट्यूब पडून हाय.

रंग चुकला न्हाई. लावलं की मी मलाच दिसते.

वांग हाय तिथंच हाय, जरासा फिका झालाय. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल, कदाचित पूर्ण जाणारबी न्हाई, अन् दर उन्हाळ्यात जपावं लागेल. मी म्हटलं, गुडघ्याला जपतो तसं जपू. अण्णांनी त्या दिवशी दुकानातून येताना टोपी आणली, कापडाची, मोठ्या काठाची. खुंटीला अडकवली अन् जेवायला बसले. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाले, "सुकन्यासाठी." हसून राहिले होते. त्यांना सगळं माहीत होतं गं, स्पीकर न लावतासुद्धा.

बसम्मा पडली. दगडाला चाक लागलं अन् आडवी झाली. मी धावले तर तीच माझ्याकडं बघून म्हणाली, "आता पडायचं संपलं ना?" तू पत्रात आठवण दिलेलं माझंच वाक्य मी तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. आता ती सोमवारी एकटी देवळाला जाते. पोरगा तक्रार करतो, गाडी सापडत न्हाई.

बँकेतली बाई मध्ये रजेवर गेली होती, पाय मुरगळला होता. परवा सकाळी परत आली. मी मैदानावर टोपी घालून उभी, तोंड उघडं. स्कार्फ त्या दिवशी घरीच विसरला होता, मुद्दाम न्हाई. ती आली, मला नमस्कार केला, इकडं तिकडं बघितलं अन् विचारलं, "मॅडम आज येणार न्हाईत का?"

आधी कळेना काय म्हणते. मग उमगलं. जानेवारीपासून शिकून राहिली होती माझ्यापाशी, अन् माझं तोंड तिनं कधी बघितलंच नव्हतं. सांगू म्हटलं अन् सांगितलं न्हाई. हातानंच खूण केली, गाडी काढा. तिला वाटलं मॅडमची कुणी बहीण असेल. निघाली. कोपऱ्यापर्यंत नीट गेली, वळली, परत आली, ब्रेकची वेळ आली अन् तिनं डोळे मिटले.

मी ओरडले, "बाई, डोळे उघडा!"

आवाजानं तिला ओळख पटली. डोळे उघडले, ब्रेक दाबला, गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, तवा मला हसू आलं. दोन्ही पाय खाली टेकून ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. मला वाटलं, आता वांग बघते. उदगीरचा ओला पदर आठवला.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही हसता होय?"

बोर्ड मैदानावरच हाय. रंग उडालाय, पावसाच्या आधी नवा करून घेते.

तुझी
महानंदा वहिनी